वाड्यावरचा कळप: दरवर्षी पिल्लं विकत न आणता घरची अंडी आणि घरचा कोंबडा

कुळागर (सत्तरी)

परसात आठ-दहा कोंबड्या असलेली घरं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. पण पिल्लं विकत न आणता तोच कळप पुढे चालवणारी घरं आता गोव्यात, आमच्या सत्तरी तालुक्यातसुद्धा शोधावी लागतात. बहुतेक ठिकाणी कुठून तरी पंचवीस-तीस पिल्लं आणली जातात. त्यातली काही मुंगूस नेतो, काही मानमोडीच्या रोगात जातात, आणि उरलेल्यांची अंडी वर्ष-दीड वर्ष खाऊन झाली की खुराडं रिकामं. मग पुन्हा पिल्लांची चौकशी सुरू.

घरची अंडी, पाहुणा आला तर घरचा कोंबडा आणि पुढची पिल्लं त्याच कळपातून, हे तिन्ही ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी हा धागा. माझं म्हणणं आधी मांडतो.

वनराजा, ग्रामप्रिया, श्रीनिधी ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसातल्या पालनासाठी तयार केलेली वाणं. बंगळूरची गिरिराजाही त्याच कामासाठी. वाणं चांगली आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती संकरित आहेत. संकरामुळे पहिल्या पिढीत येणारा जोम पुढे तसाच उतरत नाही. वनराजा कोंबडा आणि वनराजा कोंबडी यांची पिल्लं काढलीत तर काही आईबापांसारखी निघतात, काही किरकोळ. शिवाय या कोंबड्या खुडूक फारशा होत नाहीत, कारण जास्त अंड्यांसाठी निवड होत गेली तसा बसण्याचा स्वभाव मागे पडला. घरात अंडी येतात, पण ती उबवायला कोणी नसतं.

गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तीही लहान. पण ती स्वतः बसते, पिल्लांना उकरायला शिकवते, घार दिसली की ओरडून पंखांखाली घेते. हे काम विकत घ्यायला गेलात तर यंत्र, बल्ब, वीज आणि जागरण एवढं सगळं लागतं. म्हणून कळपाचा कणा गावठीच हवा असं माझं ठाम मत आहे.

आणि सर्वात महत्त्वाचं. आपण आपला कळप स्वतःच्या हातानं खराब करतो. पाच महिन्यांत जो कोंबडा सगळ्यांत आधी भरतो तोच पहिल्यांदा शाकुतीत जातो, नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. जो मागे राहिला, हलका राहिला, तो वाचतो आणि तोच पुढच्या पिल्लांचा बाप होतो. असं चार-पाच वर्षं चाललं की म्हणायचं, गावठी कोंबडी आता पूर्वीसारखी राहिली नाही. ती तशी आपण केली.

पेडण्याची माहेरवाशीण

कुळागर दादा, पटलं. तरी एक विचारते. माझ्याकडे ग्रामप्रिया आहेत, अंडी मोठी आणि नियमित देतात. घरात दोन मुलं आणि सासू-सासरे. गावठीच्या साठ अंड्यांत आमचं कसं भागणार? दोन्ही एकत्र ठेवल्या तर चालतं का?

हिशेबी

ताई, आकडे मांडून बघू. दहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा धरा. साठच्या हिशेबानं वर्षाला ६०० अंडी. महिन्याला दोन पक्षी खायचे म्हणजे वर्षाला २४. कोंबडी तीन वर्षं ठेवायची तर दरवर्षी तीन-चार नव्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ लागलेल्या तरुण कोंबड्या, कळपात यायला हव्यात. म्हणजे साधारण २८ ते ३० पक्षी मोठे व्हायला हवेत. उघड्यावर फिरणाऱ्या कळपात निघालेल्या पिल्लांपैकी अर्धी मोठी झाली तरी मी ते ठीक समजेन, म्हणजे साठ पिल्लं निघायला हवीत. शंभर अंड्यांतून पंचाहत्तर फुटतात असं धरलं तर ८० अंडी बसवावी लागतील. एका कोंबडीखाली बारा म्हटली तर सात वेळा बसवणं आलं.

खायला उरली ५२० अंडी, आठवड्याला दहा. पाच-सहा माणसांच्या घराला ती कमीच. म्हणून ग्रामप्रिया काढू नका, चार ठेवा. परसात त्या एकेक दीडशेच्या पुढे अंडी देतात, म्हणजे सहाशेच्या वर अंडी आणखी आली. त्यांचं अंडं मोठं आणि तपकिरी, गावठीचं लहान आणि फिकट, त्यामुळे बसवायची कुठली आणि खायची कुठली हे सहज कळतं.

तीस मोठ्या पक्ष्यांत निम्मे कोंबडे असणार हे लक्षात ठेवा. खाण्यासाठी प्रामुख्यानं तेच. जास्तीच्या तलंगा कापण्यापेक्षा शेजाऱ्यांना द्याव्यात.

माई (डिचोली)

बसवण्याबद्दल लिहिते, कारण हल्लीच्या मुलींना हे कोणी सांगत नाही.

कोंबडी खुडूक झाली म्हणजे घरट्यावरून उठत नाही, पिसं फुगवते, हात नेला की टोचते. तरी लगेच अंडी देऊ नये. दोन दिवस जुन्या अंड्यावर बसू द्यावं, रात्रीही तिथेच राहिली तर मग संध्याकाळी अंधार पडताना खाली अंडी सारावीत. अंडी सात दिवसांच्या आतली, स्वच्छ, फार लांबट नाहीत, तडा नाही अशी घ्यावीत. धुऊ नयेत. बसवेपर्यंत घरातल्या गार कोपऱ्यात निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. फ्रिजमधली नकोत. प्रत्येक अंड्यावर कोळशाची खूण करावी, म्हणजे दुसरी कोंबडी मध्येच येऊन घालून गेली तर ते काढता येतं. नाहीतर कोंबडी पहिली पिल्लं घेऊन उठते आणि मागची अंडी अर्धवट राहतात.

टोपलीत भाताचं तूस किंवा गवत, त्याखाली थोडी चुलीची राख आणि निर्गुडीचा पाला. बसलेल्या कोंबडीला पिसवा झाल्या तर ती अंडी टाकून जाते, हे मुख्य कारण. अंडी का टाकली म्हणून बायका कोंबडीला नावं ठेवतात, पण घरटं उलटून बघत नाहीत. शेजारी दाणा-पाणी असावं. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं ती उठते, तेवढं उठू द्यावं.

सातव्या दिवशी रात्री अंड्याला बॅटरी लावून बघावी. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलेला आहे. स्वच्छ दिसलं तर ते अंडं काढून टाकावं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. त्या दिवशी सारखं उचलून बघू नये आणि कवच सोलून मदत करू नये.

आणखी एक गोष्ट आमच्या घरी नेहमी करतात. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवायच्या. पिल्लं निघाली की रात्री सगळी एकीच्या पंखांखाली द्यायची. पंधरा-वीस पिल्लं एक कोंबडी आरामात सांभाळते. दुसरी मोकळी होते आणि पिल्लांमागे फिरण्याचे दोन-अडीच महिने वाचून लवकर अंड्यावर येते.

चिरेबंदी (फोंडा)

माई, नमस्कार. फार उपयोगी लिहिलंत. माझ्याकडे छोटं उबवणी यंत्र आहे. त्याला पूर्ण नाकारू नये असं मला वाटतं, कोंबड्या आपल्या सोयीनं खुडूक होत नाहीत. फक्त गोव्याच्या हवेसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी.

यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं: ३७.५ अंश तापमान, पहिले अठरा दिवस साधारण ५० ते ५५ टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०, आणि ट्रेमध्ये पाणी भरा. जुलैमध्ये आपल्याकडे हवेतच इतका ओलावा असतो की पाणी भरलं तर आर्द्रता फार वर जाते. उबताना अंड्याचं वजन पाण्याच्या वाफेनं साधारण १२-१३ टक्के कमी व्हावं लागतं, त्यातूनच वरच्या बाजूची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. ओलावा जास्त झाला की पोकळी लहान राहते. पिल्लू पूर्ण वाढलेलं असतं पण कवचातच मरतं. मग लोक म्हणतात कोंबडा नापीक आहे. पावसाळ्यात अठरा दिवस ट्रे कोरडा ठेवून आर्द्रतामापक बघत राहा, शेवटच्या तीन दिवसांतच पाण्याचा विचार करा.

आणि वीज. सत्तरी-सांग्यात पावसाच्या वादळात जाणारी वीज कधी येईल सांगता येत नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी. बल्ब गेला की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. म्हणून यंत्रातली पिल्लंसुद्धा मी शक्यतो बसलेल्या कोंबडीलाच देतो. तिची अंडी आणि यंत्रातली अंडी एकाच दिवशी लावायची.

कुळागर (सत्तरी)

चिरेबंदी, तुमच्या म्हणण्यात मला विरोध नाही. मात्र मी पावसाळ्यात पिल्लं काढायच्याच विरोधात आहे. जून ते सप्टेंबर जमीन ओली, ऊन नाही, रक्ती हगवणीचे जंतू ओल्या तुसात भराभर वाढतात. चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस सरत आला की कोंबड्या बसवायच्या. दसऱ्याच्या पुढेमागे निघालेल्या पिल्लांना कोरडे महिने मिळतात, शेतं कापलेली असतात, सांडलेलं भात आणि किडे असतात. त्यातले कोंबडे शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सुमारास खायला तयार होतात आणि तलंगा पावसाच्या आत अंड्यावर येतात. फेब्रुवारीपर्यंत दुसरी खेप. त्यानंतर उन्हाळ्यात पाण्याची सोय बघूनच.

पशुसेवा

मी पशुसंवर्धन खात्याच्या कामातून निवृत्त झालो आहे. वर पिल्लांचा जो हिशेब मांडला आहे तो एका गोष्टीनं शून्य होऊ शकतो. मानमोडी, म्हणजे रानीखेत. हिरवट-पांढरी हगवण, मान वाकडी, श्वासाला घरघर, आणि दोन-चार दिवसांत खुराडं साफ. तो विषाणू आहे, त्याला औषध नाही. हळद, लसूण, कुठल्याही गोळ्या यांनी तो थांबत नाही. लस हाच उपाय.

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस टोचून. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पातळ कातडीत. देवी डास पसरवतात, आणि पाऊस संपता संपता आपल्याकडे डास किती असतात ते मी सांगायला नको. तुमच्या भागातलं नेमकं वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

अडचण येते ती कुपीची. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात, ती फोडून मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडणार? म्हणून घरोघरी लस टळते आणि रोग एका परसातून दुसऱ्या परसात जातो. वाड्यावरच्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवावा, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून लस आणावी आणि सकाळी कोंबड्या सोडण्याआधी सगळ्यांना द्यावी. आजारी पक्ष्याला देऊ नये.

बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा, लांब, वेगळ्या भांड्यात ठेवावा. त्याची निगा शेवटी करावी, आपल्या कळपाची आधी. मेलेला पक्षी ओहोळात टाकू नका, चुना घालून खोल पुरा.

पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. अँप्रोलियमसारखं औषध वेळेवर पाण्यातून दिलं तर पिल्लं वाचतात. कुठलंही औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत हेही तिथेच विचारा. आणि खुराड्यातलं ओलं तूस त्याच दिवशी काढा, उद्यावर ठेवू नका.

पेडण्याची माहेरवाशीण

काका, खूप आभार. लसीसाठी वाड्यावरच्या बायकांशी बोलते. खाण्याचं काय करावं? तयार खाद्य महाग पडतं.

माई (डिचोली)

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी मूठभर कणी-कोंडा पुरतो, तेवढ्यासाठी ती खुराड्यात परतही येते. अंड्यावरच्या कोंबडीला चुन्याचा अंश हवा. तिसऱ्यांचे आणि खुब्यांचे शिंपले आपल्या प्रत्येक घरात निघतात, ते भाजून कुटून वेगळ्या करवंटीत ठेवावेत, कोंबडी गरजेपुरतं खाते. पिल्लांच्या खाण्यात मात्र शिंपले मिसळू नयेत.

पिल्लांना वाळवी. मडक्यात सुकं शेण, गवत, थोडं पाणी घालून वाळवी असलेल्या जागी पालथं घालावं. दुसऱ्या दिवशी मडकं उचललं की वाळवी लागलेली असते.

पशुसेवा

माईंचं बरोबर आहे. अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्यही लहान पिल्लांना देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. आणखी दोन सूचना. खारवलेली सुकी मासळी कोंबड्यांना घालू नका, मीठ त्यांना सोसत नाही. ताज्या मासळीची डोकी शिजवून किंवा मीठ न लावता वाळवून द्या. आणि पावसात खोबऱ्याच्या पेंडीला किंवा कणीला बुरशी आली तर ती कोंबड्यांना टाकू नका. बुरशीचं विष यकृताला लागतं, पिल्लं वाढत नाहीत आणि कारण कळत नाही.

रानवाट (धारबांदोडा)

आमच्याकडे काही जण म्हणतात की गावठीत रानकोंबड्याचं रक्त आणलं की पिल्लं चपळ आणि रोगाला घट्ट होतात. कोणी रानकोंबडीची अंडी आणून कोंबडीखाली घालतात. कृपा करून हे करू नका. आपल्या मोले, बोंडला, म्हादईच्या रानातला राखी रानकोंबडा वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्याची अंडी उचलणं गुन्हा आहे. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आलेली. राखी रानकोंबड्याचा वाटाही तिच्यात पूर्वीच येऊन गेला आहे: पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. चपळपणा हवा असेल तर आपल्याच कळपातली जी कोंबडी घारीपासून पिल्लं वाचवते तिची अंडी बसवा.

हिशेबी

मुंगूस आणि उदमांजराचं काय करता? माझ्याकडे जाळी आहे तरी खालून उकरतात.

चिरेबंदी (फोंडा)

खुराडं चिऱ्यांच्या खांबांवर गुडघाभर उंच, जाळी बारीक भोकाची आणि खाली वीतभर जमिनीत गाडलेली. छप्पर बाहेर काढायचं, तिरका पाऊस आत आला नाही पाहिजे. बाकी दार रोज सांजवेळी न चुकता लागलं पाहिजे, बहुतेक चोऱ्या उघड्या दारातून होतात. वनराजा अंगानं जड, पळायला मंद, ती दिवसाही सापडते. कुत्रे मोकाट असतील तिथे ग्रामप्रिया बरी.

पेडण्याची माहेरवाशीण

कोंबडा निवडायचा कसा, आणि एकाच कोंबड्याची पिल्लं पुन्हा त्याच कळपात राहिली तर? बाप-लेकींचाच मेळ होणार ना?

कुळागर (सत्तरी)

बाय, मला ज्यासाठी धागा काढायचा होता तो प्रश्न तुम्ही विचारलात.

निवड आधी. एका खेपेतल्या कोंबड्यांना तिसऱ्या महिन्यात हातात घेऊन बघा. वजनदार, छाती भरलेली, पाय सरळ, डोळा स्वच्छ, कधी आजारी न पडलेले असे दोन-तीन बाजूला काढा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की यांना हात लावायचा नाही. आई बघा: जी जास्त अंडी देते आणि चांगली बसतेही, तिचाच मुलगा. माणसावर धावून येणारा कितीही देखणा असला तरी ठेवू नका, घरात लहान मुलं असतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात त्यातला एक ठेवा, एक राखीव. बाकीचे खा, अगदी निःशंक मनानं. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. जास्त ठेवलेत तर कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात आणि कोंबडे आपसांत रक्त काढतात.

आता नात्याचं. एकाच घरात, एकाच कोंबड्यावर कळप चालवला तर काही पिढ्यांत अंडी कमी फुटतात, पिल्लं कमजोर निघतात. दरवेळी बाजारातून नवा कोंबडा आणला तर त्याच्याबरोबर रोग येतो, आणि त्याची आई किती अंडी देत होती हेही माहीत नसतं. माझ्या मते यावर एका घरानं एकट्यानं काढलेला उपाय टिकत नाही. वाड्यावरची तीन घरं लागतात.

पहिल्या घरातला निवडलेला तरुण कोंबडा दुसऱ्या घरी जातो, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा पहिल्याकडे. तलंगा जिथे जन्मल्या तिथेच राहतात. दरवर्षी हाच फेरा, हीच दिशा. सुरुवातीची तीन घरांची पाखरं एकमेकांच्या नात्यातली नसली तर भावंडांचा आणि बाप-लेकींचा मेळ टळतो आणि बाहेरचा पक्षी बराच काळ लागत नाही. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे अंडी बसवू नका, खा. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात तेवढे दिवस टिकू शकतं.

पशुसेवा काकांनी लसीच्या कुपीचं जे सांगितलं, तेही याच तीन घरांत सुटतं. कोणाची कोंबडी खुडूक नसेल तर दुसऱ्याच्या कोंबडीखाली अंडी घालता येतात. आणि एखाद्या परसात रोग आलाच तर त्याच रक्ताची पाखरं दुसरीकडे शिल्लक असतात, कळप पुन्हा उभा राहतो.

हिशेबी

हे आवडलं. पण मग माझ्या मांडणीत ग्रामप्रिया आहेत, त्यांच्यावरही तोच कोंबडा चढणार. त्यांची अंडी चुकून बसली तर?

कुळागर (सत्तरी)

अंडी रंगावरून वेगळी काढता येतात हे तुम्हीच लिहिलंत. मुद्दाम एक-दोन बसवायलाही हरकत नाही. गावठी कोंबडा आणि ग्रामप्रिया यांची तलंग अंड्यांना चांगली निघू शकते. तिच्यापासून पुढची पिल्लं घ्यायची की नाही हे ती खुडूक होते का यावर ठरवा. बसणाऱ्या ठेवा, न बसणाऱ्या अंड्यांपुरत्या ठेवा.

माई (डिचोली)

आमच्या वाड्यावर दोन घरं आहेत, तिसरं बघते. राखणदार देवाला मानलेला कोंबडा आधीच वेगळा ठरवून ठेवावा, नाहीतर ऐनवेळी निवडलेलाच उचलला जातो.

पेडण्याची माहेरवाशीण

कुठलं पिल्लू कुठल्या कोंबडीचं हे कसं लक्षात ठेवता? चार कोंबड्यांची पिल्लं एकत्र फिरू लागली की मला तर सगळी सारखीच दिसतात.

चिरेबंदी (फोंडा)

प्रत्येक कोंबडीच्या अंड्यांवर बसवताना वेगळी खूण, शक्यतो एका कोंबडीखाली एकीचीच अंडी. पिल्लं निघाली की पायात रंगीत प्लॅस्टिकची कडी. एका आईला एक रंग, आणि वहीत रंग, आई, तारीख. कडी दर दोन आठवड्यांनी बघून सैल करा किंवा मोठी घाला, पाय जाड होत जातो आणि घट्ट कडी मांसात रुतते.